वेणक्काचं बोलणं

तेराव्याच्या समाराधनेचं जेवण आटोपलं, पाहुण्यांच्या गाड्या चढ चढून सिरसीकडे गेल्या. घरात शाल्मला आणि तिचे वडील अप्पय्या दोघेच उरले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आयीचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही.

फोटो होते, तेही फारसे नाहीत, कारण घरातले फोटो काढायची ती आयीच. शाल्मला मैसुरूहून रोज फोन करायची, वाचनालयातलं काम आटपून घरी परतताना, चालता चालता. ते बोलणं फोन ठेवला की संपायचं. ते साठवून ठेवावं असं दोघींनाही कधी वाटलं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचंच असे.

तिने आयीचा मोबाइल उघडला. आत सगळं लख्ख होतं, सारवून ठेवल्यासारखं. असंच असणार, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने कोपरान् कोपरा पाहिला.

कानमन्यात, म्हणजे त्यांच्या गावी, पूर्वी सुपारी सोलायला सगळे एका घरी जमत. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. मांडीखाली सुरीची फळी दाबून बायकापुरुष सोलत बसायचे, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पंपात वाळू गेली, कुणाची सून रुसली, सगळं त्या ढिगाभोवती कळायचं. मग सोलायचं यंत्र आलं. त्याच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना. आणि यंत्रापाशी दोन माणसं पुरतात, बाकीच्यांना बोलावणार कशाला? घरं आपापल्या बागेत, एका घरातून दुसऱ्या घराचा धूरही दिसत नाही. त्या वर्षी आयीने मोबाइलवर गावाचा गट काढला आणि त्याला 'अंगळ' नाव दिलं, म्हणजे अंगण. गटातले सगळे तिला वेणक्का म्हणत. कागदोपत्री ती नागवेणी हेगडे होती, पण त्या नावाने तिला बँकेखेरीज कुणी हाक मारली नसेल.

अंगळात काहीही चालायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पावसाचं पाणी घातलं तर चालतं का, गोबर गॅसची शेगडी पिवळी का जळते, मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर काय करायचं, मोबाइल आपण बोललेलं भलतंच का टाइप करतो. मधूनच कुणी अप्पेहुळीत, म्हणजे कैरीच्या सारात, जिऱ्याची फोडणी घातली म्हणून कडाक्याचं भांडण. आयी टाइप करत नसे. "बोटांना तेल असतं," म्हणायची, आणि बोलून पाठवायची. कुणी काही बिघडल्याचं सांगितलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "आधी सांग, काय काय करून पाहिलंस?" आणि जो काहीच न करता विचारायला आलेला असे त्याची मग धडगत नसे.

आणि दर अमावास्येला अंगळ झाडायचं, हा तिचाच नियम. स्वस्तातले फोन, त्यात रेंज नावापुरती. महिनाभराचं बोलणं साठलं की फोन आजारी म्हशीसारखे बसकण मारत. तेव्हा अमावास्येला सगळ्यांनी सगळं पुसायचं, काही म्हणता काही ठेवायचं नाही. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "कामाचं असेल ते अमावास्येच्या आत करून बघा. करून बघितलेलं पुसलं तरी जात नाही." लोक खरंच करून बघत. दुसरीकडे कुठे पंधरा माणसांनी इतक्या निष्ठेने स्वतःचंच बोलणं पुसून टाकलं असेल, असं शाल्मलाला वाटत नव्हतं.

आयी हुबळीच्या इस्पितळात होती तेव्हाही एक अमावास्या आली. या खेपेला राहू दे, असं गटातल्या शंभण्णाने लिहिलं. तर पलंगावरून आयीचा निरोप आला, धापा टाकत बोललेला: "माझ्या दुखण्याचा केर कशाला साठवताय? झाडा." त्यांनी झाडलं. त्यात तो निरोपही गेला.

हे सगळं माहीत असूनही शाल्मलाने आयीच्या फोनवरून अंगळात लिहिलं: "मी शाल्मला. आयीचा आवाज कुणाकडे राहिला असेल तर हवा होता. कितीही लहान, कसलाही."

पहिलं उत्तर विनुताचं आलं. ती धारवाडहून लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला जंगलाची भीती वाटायची. पहिलं वर्षभर ती दिवसभर अंगळात असायची आणि आयी तिच्याशी बोलत राहायची.

"अक्का, सगळं पाहिलं. जुना फोनसुद्धा चार्ज करून पाहिला. काही नाही गं."

सिरसीत मोबाइलचं दुकान असलेल्या माबलाने लिहिलं, "माझ्याकडे वेणक्काचं बोलणं यायचं ते मला फैलावर घ्यायला. तेही मी आज्ञाधारकपणे पुसलं. एखादं चुकून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं सकाळपासून वाटतंय."

"तू ठेवलं असतंस तर तिला कळलं असतं," विनुताने लिहिलं.

"ते खरं. तिला कळायचंच."

एकामागून एक सगळ्यांचं तेच आलं. कुणी गोठ्यातला फोन पाहिला, कुणी मंगळुरूच्या मुलाला विचारलं. बोलला नाही तो फक्त शंभण्णा. एरवी अंगळात कुणी शिंकलं तरी त्यावर पहिला शेरा त्याचा असे. विनुताने विचारलंही, "शंभण्णा कुठाय? रेंजच्या दगडावरून घसरला की काय?" त्यावरही तो गप्प. त्याने सगळं वाचलंय, एवढं मात्र दिसत होतं.

शाल्मलाने फोन चार्जिंगला लावला आणि अप्पय्यांबरोबर ओसरीवर सुपारी निवडत बसली. काढणीचे दिवस होते, आणि सुपारी काही सुतक पाळत नाही. अप्पय्या बोलत नव्हते. ते आधीही फारसे बोलत नसत, पण पूर्वी त्यांच्या गप्प बसण्याला शेजारी आयीचं बोलणं असायचं.

तीन-चार दिवसांनी सकाळी शंभण्णा स्वतःच आला. खांद्यावर केळ्यांचा घड. तो ओसरीच्या कडेला टेकला, कवळ, म्हणजे विडा, जमवायला घेतलं, पानाच्या शिरा काढत बसला. मग बागेतल्या रोगाबद्दल बोलला, सुपारीच्या भावाबद्दल बोलला, मजूर मिळत नाहीत याबद्दल बोलला. अप्पय्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केळी तुझ्याकडे इतकी कशी राहिली यंदा? आमच्याकडे माकडांनी एक घड ठेवला नाही."

शंभण्णाच्या हातातलं पान थांबलं.

"त्याच्यासाठीच आलोय," तो म्हणाला. "शाल्मले, तुला राग येईल. येऊ दे. पण आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही. वेणक्काचा आवाज माझ्याकडे आहे."

शाल्मलाने सुपारीची मूठ खाली ठेवली.

"फोनमध्ये नाही. बागेत आहे." त्याने मान खाली घातली. "माकडं हाकलायच्या डब्यात."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी माकडांनी त्याची बाग अर्धी केली होती. अंगळात महिनाभर तोच विषय. माबलाने गाडीचा जुना भोंगा, मेमरी कार्डचा प्लेअर, सौर पट्टी आणि आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ असं एक डबडं जुळवून दिलं. त्यात आधी फटाके वाजवले. माकडं एक आठवडा पळाली, मग फटाके वाजले की झाडावरच बसून केळं सोलायला लागली. मग कुत्र्याचं भुंकणं. मग वाघ.

"वाघाच्या डरकाळीला तर आमच्या गोठ्यातल्या गाईने दूध चोरलं," शंभण्णा म्हणाला. "माकडं ढिम्म. मग मी स्वतः ओरडून भरलं. मला वाटलं, माझ्या आवाजाला आमची ही घाबरते, माकडं का नाही घाबरणार."

"घाबरते ती?" अप्पय्यांनी विचारलं.

"तीही नाही घाबरत, ते नंतर कळलं."

तेव्हा आयीने त्याला तिचा तो प्रश्न विचारला होता, काय काय करून पाहिलंस. त्याने सगळं सांगितलं. दोन दिवस तिने काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, तुम्ही सगळे माकडांना भीती घालताय, आणि भीतीची त्यांना सवय होते. मिरी काढताना आपण बागेत असतो तेव्हा माकडं येतात का? नाही येत. आपण काय तेव्हा ओरडत असतो? आपण बोलत असतो. माणूस आहे म्हटल्यावर ती येत नाहीत. तर माणूस ठेवा.

"आणि तिने बोलणं भरून पाठवलं," शंभण्णा म्हणाला. "साधं. घरातलं. मध्ये थांबते, खोकते, भांडं ठेवते, पुन्हा बोलते. केवढं तरी मोठं आहे. मी म्हटलं, वेणक्का, हे काय, माकडं हसतील. म्हणाली, लावून बघ. कार्डावर घातलं, लावलं. पहिल्या दिवशी माकडं कुंपणापर्यंत आली, बसली, ऐकलं, आणि गेली. नंतर आलीच नाहीत. यंदा माझी बाग तिने राखली, शाल्मले. मी काही केलं नाही."

अप्पय्या हळूच म्हणाले, "मागे एकदा ती सकाळभर त्या फोनशी बोलत होती. मला वाटलं तुझाच फोन आहे. मी मनात म्हटलंसुद्धा, आज पोरीला सुट्टी दिसते."

"मग सांगितलं का नाहीस?" शाल्मलाने शंभण्णाला विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

"काय सांगू? तू इथे आयीचा आवाज शोधतेस, आणि मी तो माकडांवर लावून ठेवलाय? ती गेली त्या दिवशी मी बंद केला होता. नीट वाटेना. तर तिसऱ्या दिवशी माकडांनी वरच्या अंगाची केळी झोपवली. मग पुन्हा लावला. बायको म्हणाली, लाज वाटू दे. मला वाटलीही. पण लावला." त्याने कवळ तोंडात घातलं नाही, तसंच हातात धरून बसला. "आणि आणखी एक आहे. बोलल्यासारखं वाटायला समोर कुणीतरी लागतं ना. तिने समोर तुला धरलंय. सगळं तुझ्याशी बोललीय."

मग शाल्मलाने विचारलं, "कार्ड काढून आणता येईल?"

"मी काढणारच होतो. पण पावसाळ्यात ओल लागून डबा दोनदा बंद पडला, म्हणून सगळीकडून मेण ओतलंय. कसं काढू ते अंगळात विचारावं म्हटलं, तर मग सगळ्यांना कळलं असतं."

"विचार," ती म्हणाली.

त्याने तिथेच बसून विचारलं. ओसरीवर आयीच्या फोनला दोन काड्या रेंज असते, म्हणून तिच्याच फोनवरून. गट एकदम बोलायला लागला.

"अरे देवा, माकडाचा डबा," विनुताने लिहिलं. "आपण सगळे फोन उलटे करत बसलो, आणि शंभण्णाची बाग दिवसभर बोलतेय. मला एकदासुद्धा आठवलं नाही."

"मी स्वतः बनवलाय तो, मला तरी कुठे आठवला," माबलाने लिहिलं. "माझ्या डोक्यात तो 'आवाज' नव्हताच. यंत्र होतं. शंभण्णा, कार्डाला हात लावू नकोस. ऐकतोस ना? हात लावू नकोस."

"नाही लावला."

"काय काय करून पाहिलंस?"

"काही नाही रे. मेण खरवडावं का, एवढंच विचारतोय."

"खरवडू नको. पावसाळा खाल्लेलं कार्ड आहे. आत आहे तोवर वाचलं जातंय. एकदा बाहेर काढलं की पुन्हा वाचलं जाईलच असं मी सांगू शकत नाही. आधी आहे तसं वाजू दे आणि भोंग्यासमोर फोन धरून भरून घ्या. ते हातात आलं की मग पुढचं पुढे."

"भोंग्याच्या तोंडाशी धरू नका, फाटेल," गोठ्यातला फोन तपासणाऱ्याने सल्ला दिला. "हातभर लांब. आणि वाऱ्यासाठी फोनवर पातळ फडकं."

"विमान करून ठेवा फोन, नाहीतर मध्येच बँकेवाला येईल कर्ज घ्या म्हणून," आणखी कुणी लिहिलं.

"आणि शंभण्णाला तोंड बंद ठेवायला सांगा," विनुताने लिहिलं. "हे सगळ्यात अवघड काम."

"कवळ भरून ठेवतो," शंभण्णाने उत्तर दिलं.

हे वाचताना शाल्मलाला जाणवलं की हे सगळे आयीसारखं बोलताहेत. बोलण्याची ढब ज्याची त्याची होती, पण आधी थांबायचं, काय मोडेल त्याचा विचार करायचा, आणि मग हात घालायचा, ही रीत तिची होती. आयीने यांना काय शिकवलं याची कुठे नोंद नव्हती, आणि कुणाला त्याची गरजही पडलेली दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शंभण्णाच्या बागेत गेली. अप्पय्यांना येता का विचारलं, तर म्हणाले, तू जा. दव अजून पानांवरून ठिबकत होतं. सुपारीच्या झाडांमध्ये, मिरीच्या वेलाला लागून, एका खांबावर तो डबा होता, वर पत्र्याची टोपी घातलेला, मेणाने बरबटलेला. शंभण्णाने कवळ भरलेल्या तोंडाने खूण केली, आता लागेल.

आधी खरखर झाली. मग भांडं ठेवल्याचा आवाज. मग आयी म्हणाली, "शाल्मले, तो पाट इकडे ओढ गं."

शाल्मलाने फोन समोर धरला होता. फडकं गुंडाळलेलं होतं, पण भरायचं बटण दाबायचं ती विसरली. ती फक्त ऐकत राहिली. आयी मिरच्या वाळल्या का बघायला सांगत होती. गूळ यंदा काळा आलाय म्हणत होती. मध्येच एखादा प्रश्न विचारून उत्तराला वाट ठेवत होती, तेवढ्या वेळात बागेत पाखरं ऐकू यायची. "मग, वाचनालयात ती नवीन बाई आली ती कशी आहे?" थांबली. "हो का? मग बरंय." जसं शाल्मलाचं उत्तर तिला ऐकू आलं होतं. आणि ते उत्तर शाल्मलाने खरंच तसं दिलं होतं, गेल्या वर्षी कधीतरी, रस्त्याने चालताना. आयीने आदल्या संध्याकाळचं बोलणंच आठवून पुन्हा बोलून ठेवलं होतं, फक्त स्वतःच्या बाजूचं.

ते संपलं, आणि बाग शांत झाली. शंभण्णाने भुवया उंचावून विचारलं, आलं का? तिने मान हलवली, नाही.

तो पिंक टाकून आला आणि म्हणाला, "पुन्हा लागतं थोड्या वेळाने. घाई नाही." मग तिच्यासाठी एक पालथी बादली आणून ठेवली आणि स्वतः वेलाखाली उकिडवा बसला.

दुसऱ्या खेपेला तिने बटण दाबलं. फोन हातभर लांब धरला. सगळं नीट चाललं होतं. वाचनालयातल्या बाईंपर्यंत आलं. मग आयी म्हणाली, "आणि शंभूच्या बागेत काय म्हणतात माकडं?" आणि थांबली.

"येत नाहीत गं," शंभण्णा म्हणाला.

"हं. म्हणजे जमलं," आयी म्हणाली.

त्याने जीभ चावली. दोन्ही हात जोडले. रोजची सवय, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने हाताने त्याला बसून राहायला सांगितलं, आणि शेवटच्या खरखरीपर्यंत फोन तसाच धरला. नंतर तो म्हणाला, "पुन्हा घे. मी लांब जाऊन उभा राहतो." ती म्हणाली, "नको. हेच बरं आहे."

घरी येऊन तिने ते अप्पय्यांना ऐकवलं. ते डोळे मिटून सुपारीच्या ढिगाशेजारी बसले होते. गूळ काळा आल्याच्या ठिकाणी म्हणाले, "काळा नव्हता इतका."

मग तिने ते अंगळात पाठवलं. रेंज कमी, पोचायला वेळ लागत होता. एकेकाला मिळालं तसं एकेकाने दोनच शब्द लिहिले, ऐकलं, किंवा मिळालं. माबलाने लिहिलं, "फाटलं नाही. कार्ड आता काढायचं असेल तर मी येतो." शाल्मलाने लिहिलं, "काढणी होऊ दे. शंभण्णाची केळी आहेत."

दुपारनंतर विनुताचा निरोप आला. तिने टाइप केला नव्हता, बोलून पाठवला होता, आणि अडखळत बोलली होती. "अक्का, विचारू की नको कळत नाही. आमच्याकडे माकडांनी वेलचीचं वाटोळं केलंय. सासरे रोज काठी घेऊन जातात, परवा पडले. वेणक्काचं हे... मी आमच्या बागेत लावू का? तू नाही म्हणालीस तर मला काही वाटणार नाही."

शाल्मलाने ते दोनदा ऐकलं. हा आवाज आठवडाभर ती आपला एकटीचा म्हणून शोधत होती. त्यात तिचं नाव होतं, तिच्या संध्याकाळी होत्या. आणि तो भरला होता दुसऱ्याच्या बागेसाठी. आपल्याला काय वाटतंय हे तिला नीट ठरवता येईना, म्हणून तिने ओसरीवर जाऊन अप्पय्यांना विचारलं.

ते निवडत राहिले. एक सुपारी, दुसरी सुपारी. मग म्हणाले, "विनुताची बाग शंभूच्या बागेच्या पलीकडच्या उतारावर ना?"

"हो."

"माकडं तीच. इकडून हाकलली की तिकडे जातात." त्यांनी सुपारी डोळ्याजवळ धरून पाहिली, ढिगात टाकली. "दोन्हीकडे एकाच वेळी लावू नका म्हणावं. एकच बाई दोन बागांत कशी बोलते, एवढं त्यांना कळतं. सकाळी शंभूकडे, दुपारी तिच्याकडे."

शाल्मलाने फोन तोंडाजवळ धरला आणि ते अंगळात बोलून पाठवलं, अप्पय्यांनी सांगितलं होतं तसंच. विनुता आणि शंभण्णा तिथेच वेळा ठरवायला लागले. शंभण्णा म्हणाला, सकाळ माझी, पण दुपारी जेवायच्या आत मला अर्धा तास हवा. विनुता म्हणाली, अर्धा तास कशाला, तुझं आणि तिचं काय बोलायचं राहिलंय? तो म्हणाला, राहिलंय थोडं.